नेतृत्वाचा दाखला

जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला हे सारे सरकारी कचेरीत मिळतात. नेतृत्वाचा दाखला मात्र कोणतीही कचेरी देत नाही. तो ज्याचा त्यानेच स्वतःला लिहून द्यावयाचा असतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने परवा माझ्यापुढे जे कागद ठेवले, त्यांवरून ही गोष्ट पुन्हा ध्यानात आली. मुलगा यंत्रमाग कामगाराचा. बी. कॉम. झाल्यावर त्याने एका कारखान्याच्या भांडार विभागात सहा वर्षे काढली आणि आता तो व्यवस्थापनशास्त्राच्या एका नामवंत संस्थेकडे अर्ज करीत आहे.

या पानावर बिझनेस स्कूलच्या प्रवेशाची चर्चा कशाला, असे काही कार्यकर्ते मित्र विचारतील. माझे उत्तर सरळ आहे. कारखाना कोठे उघडावा, कोणता बंद करावा, कंत्राटी माणसे किती ठेवावीत, हे ठरविणाऱ्या खुर्च्यांकडे जाणारी एक मोठी वाट या संस्थांतून जाते. त्या वाटेवर आपल्या वस्त्यांतील मुले दिसूच नयेत, असे ज्यांना वाटते त्यांनी हा लेख येथेच सोडावा.

आपल्याकडील आय. आय. एम.च्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला ‘कॅट’ परीक्षेचे गुण आणि मुलाखत यांना मोठे वजन असते. परंतु नोकरीचा अनुभव असलेल्यांसाठीचे एक वर्षाचे अभ्यासक्रम, २००१ साली सुरू झालेली हैदराबादची इंडियन स्कूल ऑफ बिझनेस आणि अमेरिकेतील संस्था यांच्याकडे परीक्षेतील गुण हा केवळ उंबरठा ठरतो. पुढची निवड निबंध, शिफारसपत्रे आणि मुलाखत यांवर होते. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०२४ पासून तीन छोटे निबंध मागविण्यास आरंभ केला. त्यांतील एक नेतृत्वावर आहे: कोणत्या अनुभवांनी तुम्हाला घडविले, इतरांसाठी तुम्ही काय वेचता, आणि तुम्हाला कशा प्रकारचे नेते व्हावयाचे आहे, हे २५० शब्दांच्या आत सांगावयाचे. अहमदाबादची आय. आय. एम. १९६१ मध्ये उभी राहिली ती याच हार्वर्डच्या साहाय्याने. तेव्हा ही दृष्टी आपल्याला अगदीच परकी नाही.

प्रवेशासाठी नेतृत्व मोजण्याच्या या रीतीची कुळकथा फारशी गौरवास्पद नाही. १९०२ साली वारलेल्या सेसिल ऱ्होड्स या साम्राज्यवाद्याने आपल्या मृत्युपत्रात शिष्यवृत्तीसाठी जे निकष घातले, त्यांत विद्वत्ता व मैदानी खेळ यांच्या बरोबरीने नेतृत्वाची उपजत वृत्तीही होती. स्त्रियांना ती शिष्यवृत्ती १९७७ पर्यंत मिळत नसे. खुद्द हार्वर्डच्या महाविद्यालयात निव्वळ परीक्षेच्या जोरावर ज्यू विद्यार्थ्यांची संख्या वाढू लागली, तेव्हा अध्यक्ष लॉवेल यांनी १९२२ साली त्यांच्यावर उघड मर्यादा घालण्याचा प्रस्ताव आणला. तो प्राध्यापकांनी मानला नाही. पण १९२६ पासून ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ यांना प्रवेशात महत्त्व आले आणि ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण मुकाट्याने घटले. गुण मोजता येतात, व्यक्तिमत्त्व मोजणाऱ्याच्या मर्जीवर राहते.

म्हणून हा प्रश्नच फेकून द्यावा काय? मला तसे वाटत नाही. निव्वळ परीक्षेलाही शिकवणीचे पैसे लागतात, आणि माणसांना बरोबर घेऊन काम करता येते की नाही हे विचारणे काही गैर नव्हे. गैर आहे ते त्याचे तयार उत्तर विकणारा बाजार. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मायकेल स्पेन्स यांचा १९७३ चा निबंध ठाऊक असेल. मालकाला उमेदवाराचे अंतरंग दिसत नाही, म्हणून तो खुणांवर विसंबतो; पण जिच्याजवळ गुण नाही त्याला जी खूण फार महाग पडते, तीच खूण विश्वासार्ह. आज सल्लागाराचे शुल्क भरले की ‘संस्थापक-अध्यक्ष’ ही खूण सहा महिन्यांत पदरात पडते. ज्याच्या खिशात पैसे त्याला ती स्वस्त, आणि खरोखर माणसे जमविणाऱ्याला महाग, असा उलटा न्याय झाला आहे.

माझ्या विद्यार्थ्याचा मसुदा असाच होता. आठ महिन्यांपूर्वी स्थापन झालेले एक पर्यावरण मंडळ, त्याचा हा अध्यक्ष, आणि पुष्कळ वृक्षारोपण. किती रोपे जगली असे मी विचारले, तेव्हा तो हसला. मग चहा पिताना सहज त्याने बसची हकीकत सांगितली.

त्याच्या कारखान्याने कंत्राटी कामगारांची बस बंद केली होती. रात्री अकराला पाळी सुटली की ही माणसे सहा किलोमीटर हमरस्त्याच्या कडेने चालत जात, आणि कायम कामगारांची बस अर्धी रिकामी त्यांच्या अंगावरून निघून जाई. हा स्वतः कायम नोकरीतला. त्याने आणखी चौघांना घेऊन तीन आठवडे रिकाम्या आसनांची रोज नोंद ठेवली आणि ती वही थेट व्यवस्थापकापुढे ठेवली. चालत जाणाऱ्यांना मात्र विचारले नाही. परिणाम असा की तक्रार यांनीच केली असे समजून कंत्राटदाराने दोघांना कामावरून काढले. इकडे कायम कामगार म्हणू लागले, उद्या आमचीही बस जाईल. मग हा त्या दोघांच्या घरी गेला, बोलणी खाल्ली, कायम कामगारांच्या तीन बैठका घेतल्या. एक महिन्याने दोघे कामावर परतले आणि बस सर्वांसाठी झाली.

“हे का लिहिले नाहीस?” मी विचारले. “सर, सल्लागार म्हणाले, याला युनियनचा वास येतो. आणि हे मी एकट्याने थोडेच केले?”

पहिल्या कारणाचा राग आला. दुसऱ्याने मला अपराधी वाटले. २००३ साली माझ्या एका विद्यार्थिनीने अशाच एका संस्थेसाठी माझ्याकडे शिफारसपत्र मागितले होते. वसतिगृहाचा खानावळवाला मध्येच पळाला, तेव्हा या मुलीने वर्षभर मुलींची खानावळ चालविली होती. हिशेब दर शनिवारी भिंतीवर लागत. मी पत्रात काय लिहिले? मेहनती, सालस आणि आज्ञाधारक. नेतृत्वाच्या शिफारशीत आज्ञाधारक! तिला प्रवेश मिळाला नाही. तो माझ्या पत्रामुळेच मिळाला नाही असे म्हणणे अहंकाराचे होईल, पण त्या पत्राने तिचे काडीचेही भले केले नाही, हे निश्चित.

आता अनेक संस्थांच्या शिफारसपत्रात एक प्रश्न ठरलेला असतो: या उमेदवाराला तुम्ही सर्वांत महत्त्वाची कोणती सुधारणा सुचविली, आणि त्याने त्यावर काय केले? आपल्या प्राध्यापकांना हा प्रश्न विश्वासघातकी वाटतो. मुलाचे वाईट कसे लिहावे म्हणून ते जागा कोरी ठेवतात किंवा ‘तो अति परिश्रम करतो’ असा गोड दोष शोधतात. वस्तुतः साऱ्या अर्जात विकत न मिळणारी जागा हीच. फसलेली बैठक आणि तिच्यानंतर केलेली दुरुस्ती सल्लागाराच्या कपाटात नसते.

‘मी’ म्हणण्याचा आपल्या कार्यकर्त्यांना संकोच वाटतो, आणि तो चांगल्या संस्कारातून आलेला आहे. इतिवृत्तात आपण ‘संघटनेने ठरविले’ असे लिहितो. पण खरे सांगावयाचे तर या ‘आम्ही’च्या पांघरुणाखाली श्रेयाबरोबर चुकाही निजतात. व्यवस्थापकाकडे आधी जाण्याचा निर्णय कोणाचा होता? त्या मुलाचा. तेथे ‘आम्ही’ म्हणणे म्हणजे चौघांवर आपली चूक ढकलणे होय. नोंदवही भरली ती मात्र पाचांनी, आणि तेथे ‘मी’ म्हणणे ही चोरी. कोणते क्रियापद कोणाचे, हे नीट लावले की बढाईचा प्रश्नच उरत नाही.

त्याने निबंध पुन्हा लिहिला. वृक्षारोपण गेले, अध्यक्षपदही गेले. कामावरून काढलेले ते दोघे पहिल्याच परिच्छेदात आले. शिफारसपत्र त्याच्या विभागप्रमुखांकडून घ्यावयाचे ठरले आहे. दुसऱ्याच्या वतीने बोलण्याआधी त्याला विचारावे, असे त्या वेळी त्याला खडसावणारे गृहस्थ तेच. ते लिहितील काय, याची त्याला धाकधूक होती. त्यांनी होकार दिला आहे, मात्र बसची गोष्ट आपण आपल्या पद्धतीने सांगू, अशी अट घातली आहे. निबंध अजून अकरा शब्दांनी मोठा होतो. रविवारी तो पुन्हा येणार आहे, तेव्हा विशेषणे काढू.