आजीच्या पेटीतली मोहर चकचकीत करून आणली, तर तिची किंमत वाढते की घटते?

सोनं महाग झालं की घरोघरी जुन्या पेट्या उघडतात. एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याने एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला आणि पणजीची पुतळी, आजोबांची गिनी, कुठल्याशा वाटणीत आलेली मोहर यांचं काय करायचं, हा प्रश्न पुन्हा निघाला. वितळवायची? विकायची? की आधी सोनाराकडून पॉलिश करून घ्यायची?

‘असं नाणं घरात असेल तर लाखो मिळतील’ असं सांगणारे व्हिडिओ तर बारमाही फिरत असतात. त्यातून फसवणूक इतकी वाढली की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कुणाकडूनही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, असं बँकेने सांगितलं. तरीही हे व्हिडिओ थांबलेले नाहीत.

या व्हिडिओंमध्ये एक गोष्ट कधीच सांगत नाहीत. एकाच वर्षाच्या, एकाच टांकसाळीच्या, एकाच वजनाच्या दोन नाण्यांना वेगवेगळा भाव मिळतो आणि तो फरक बहुतेक वेळा नाण्याच्या पृष्ठभागात असतो.

झीज आणि कच्चा ठसा

मुघल मोहर असो की शिवाजी महाराजांचा होन, ही नाणी हाताने पाडलेली आहेत. खाली एक ठसा, मध्ये सोन्याची चकती, वर दुसरा ठसा आणि त्यावर हातोड्याचा घाव. चकती अनेकदा ठशापेक्षा लहान असे. त्यामुळे टांकसाळीचं नाव किंवा सालाचा आकडा नाण्यावर अर्धाच उमटे, कधी पूर्णच बाहेर राही. नवख्याला वाटतं, नाणं कापलंय. तसं नसतं, ते जन्मतःच तसं असतं.

झीज वेगळी दिसते. नाणं हातोहात फिरतं तेव्हा सर्वांत उंच भाग आधी सपाट होतात: अक्षरांच्या कडा, राजाच्या चित्रात गाल आणि भुवई. तिथे गुळगुळीत, थोडी वेगळ्या रंगाची चमक येते. ठसाच कच्चा बसला असेल तर त्या जागी चकतीचा मूळचा खडबडीतपणा उरलेला दिसतो. दर्जा ठरवणाऱ्याची नजर आधी इथे जाते, कारण कच्च्या ठशाला झीज समजलं तर चांगल्या नाण्याचा दर्जा उगाच उतरतो.

होनावर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’ अशी अक्षरं असतात, भोवती ठिपक्यांचं कडं. वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. हे ठिपक्यांचं कडं पूर्ण दिसत नाही म्हणून कुणी नाक मुरडत असेल, तर त्याला होन कळलेला नाही. खरे होन इतके दुर्मीळ आहेत की तिथे ओरखड्यांची मोजदाद दुय्यम ठरते आणि ‘हा आला कुठून?’ हा प्रश्न पहिला होतो.

डाख, भोक आणि पॉलिश

मराठी घरांतली सोन्याची नाणी बहुधा नाणी म्हणून राहिलीच नाहीत. ती गळ्यात आली. पुतळी हे त्याचं ठळक उदाहरण. व्हेनिसच्या डुकाट या नाण्यावर माणसांच्या आकृती असत, म्हणून आपल्याकडे ती ‘पुतळी’ झाली आणि पुतळ्यांच्या माळा झाल्या. पुढे तशाच नकला इथेही घडवल्या गेल्या. माळेसाठी नाण्याला कडी लावली, कडीसाठी डाख दिला.

कडी नंतर काढली तरी डाखाची खूण जात नाही. काठावर एका जागी सोन्याचा रंग किंचित वेगळा दिसतो, तिथली अक्षरं वितळल्यासारखी पसरट होतात. भोक बुजवलं असेल तर त्यावरची नक्षी हाताने कोरलेली असते आणि बाजूच्या नक्षीशी तिचा मेळ बसत नाही. असं नाणं खरं असतं, सोनंही खरं असतं, पण संग्राहक त्याला ‘दागिन्यातून काढलेलं’ म्हणतात आणि भाव खाली येतो.

सर्वांत मोठं नुकसान मात्र चांगल्या हेतूने होतं. सोनार नाणं घासून लखलखीत करून देतो, आणि मूळचा पृष्ठभाग, जो एकदाच तयार होतो, तो निघून जातो. नाणं एका दिव्याखाली धरून हळूहळू तिरकं केलं की बारीक, एकाच दिशेच्या रेघा उठून दिसतात. वापरातले ओरखडे असे शिस्तीत येत नाहीत. मोबाइलच्या फोटोत या रेघा बहुतेक वेळा दिसतच नाहीत. म्हणून फोटोवरून दर्जा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवणं अवघड आहे.

मुळशीतल्या ताम्हिणीसारख्या, राज्यात सर्वाधिक पावसाच्या गावांपैकी एका गावातही सोन्याला गंज चढत नाही. तांब्याची शिवराई हिरवी पडते, मोहर तशीच राहते. गिनीचं वेगळं. ती २२ कॅरेटची, उरलेलं बहुतांश तांबं, त्यामुळे कधी तिच्यावर लालसर डाग येतात. तो डाग घासून काढायचा मोह आवरलेला बरा. उलट शुद्ध सोन्याची मोहर मऊ असल्यामुळे तिला ओरखडे लवकर पडतात.

७० पैकी किती?

आज नाणी प्लास्टिकच्या बंद पेटीत, १ ते ७० यांपैकी आकडा लावून विकली जातात. ही मोजपट्टी १९४९ मध्ये विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने जुन्या अमेरिकी सेंटसाठी मांडली. ६० च्या पुढचं नाणं म्हणजे चलनात न फिरलेलं. (याच शेल्डनने एका संस्थेच्या संग्रहातली उत्तम नाणी काढून तिथे आपली कमी प्रतीची ठेवल्याचं त्याच्या मृत्यूनंतर उघड झालं. दर्जाचं महत्त्व त्याला पुरतं ठाऊक होतं!)

यंत्राने पाडलेल्या नाण्यांना ही पट्टी शोभते. उदाहरणार्थ, १९१८ साली मुंबईच्या टांकसाळीत पाडलेली गिनी. घोडेस्वाराच्या पायाखालच्या रेषेवर ‘आय’ हे इंग्रजी अक्षर दिसलं तर ती मुंबईची. अशी नाणी पिशव्यांत एकमेकांवर आदळत, म्हणून न वापरलेल्या गिनीवरही टोचे दिसतात. ते गालावर आहेत की कोपऱ्यात, यावर आकडा हलतो. हाताने पाडलेल्या मोहरेला मात्र हाच आकडा लावणं जरा ओढूनताणूनच वाटतं.

जमिनीतून निघालेलं नाणं

मार्च २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चिखली भागात खोदकामात निघालेली २१६ सोन्याची नाणी ताब्यात घेतली. वजन २,३५७ ग्रॅम. भागाकार केला तर एका नाण्याला साधारण १०.९ ग्रॅम येतात, म्हणजे मुघल मोहरेचं नेमकं वजन.

अशा ठेव्यातलं नाणं धुणं हा दुहेरी तोटा. मातीच्या थराखाली माहिती असते, आणि सर्वांत उशिराचं नाणं कोणतं यावरून ठेवा कधी पुरला याचा अंदाज येतो. चार नाणी परस्पर विकली की तो अंदाजच चुकतो.

कायदाही आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. सरकारने ठेवा स्वतःकडे घ्यायचं ठरवलं तर हक्कदारांना धातूची किंमत आणि तिचा पाचवा हिस्सा जास्त मिळतो. म्हणजे संग्राहक ज्या दर्जासाठी पट्टीने पैसे मोजतो, तो दर्जा या हिशेबात कुठेच येत नाही. लोक नाणी लपवतात त्यामागे हा हिशेबही असावा. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही.

‘खोदकामात हंडा सापडला, स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्यांचा धंदा याच लपवाछपवीवर चालतो. नमुन्याचं एक नाणं खरं, बाकीची पितळेची. ओतून केलेल्या नकलेवर भिंगाखाली बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात, काठावर कधी साच्याची रेघ असते. वजनाचा काटा असेल तर नाणं दोऱ्याने पाण्यात लोंबकळत धरावं: पावणेअकरा-अकरा ग्रॅमच्या मोहरेचं वजन पाण्यात अर्धा-पाऊण ग्रॅमच्या दरम्यान घटतं, तेवढ्याच वजनाच्या पितळेचं त्याच्या दुप्पट.

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगावमार्गे रायगडला जाणारे अनेकजण आठवण म्हणून होनाची प्रतिकृती घेतात. त्यात वावगं काही नाही. पण ती डबीत ठेवताना सोबत चिठ्ठी ठेवावी: प्रतिकृती, अमुक साली घेतली. चिठ्ठी नसेल तर पन्नास वर्षांनी तीच ‘पणजोबांचा होन’ म्हणून कुणाच्या तरी फोनवर फिरेल.