स्वरलिपीच्या पेटीची दुसरी किल्ली

२६ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेतील मेकम्युझिक या कंपनीने ‘फिनाले’ नावाच्या सॉफ्टवेअरचे काम यापुढे थांबविण्यात येत असल्याचे जाहीर केले. पाश्चात्त्य संगीत कागदावर उतरविणाऱ्यांच्या जगात ही वार्ता एखादी जुनी, विश्वासाची पेढी अचानक मिटावी तशी ऐकली गेली. १९८८ मध्ये बाजारात आलेल्या या सॉफ्टवेअरवर संगीतकार, चर्चच्या गायनवृंदांचे संचालक, शाळांतील वाद्यवृंदांचे शिक्षक आणि संगीत प्रकाशक ३५ वर्षांहून अधिक काळ विसंबून होते. पडद्यावरील पाच रेघांच्या पट्टीवर स्वर मांडायचे, ते ऐकून पाहायचे, सर्व वाद्यांच्या एकत्र संहितेतून प्रत्येक वादकाची वेगळी पाने काढायची आणि ती छापायची, असे हे काम.

एखादी वस्तू बाजारातून गेली तर व्यापारी दुसरी घेतो; त्यात एवढी हळहळ कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर घोषणेतील एका अटीत होते. हे सॉफ्टवेअर नव्या संगणकावर घातले की कंपनीकडून त्याला अधिकृत परवानगी मिळवावी लागे. एक वर्षानंतर ती परवानगी देणे बंद होईल, असे प्रथम सांगण्यात आले. म्हणजे ज्याने पूर्ण किंमत मोजून सॉफ्टवेअर घेतले आणि त्यात आयुष्यभराचे काम साठविले, त्याचा संगणक वर्षानंतर बिघडला तर नव्या संगणकावर त्याचेच काम उघडणार नव्हते. ग्राहकांनी एकच गिल्ला केला आणि ही परवानगी अनिश्चित काळपर्यंत चालू ठेवण्याचे कंपनीने लगोलग मान्य केले. तथापि त्या अल्पशा अवधीत अनेकांच्या ध्यानात एक गोष्ट आली, जी ३५ वर्षांत आली नव्हती.

ती गोष्ट बँकेच्या लॉकरच्या उदाहरणाने सहज समजते. लॉकर उघडण्यास दोन किल्ल्या लागतात. एक ग्राहकाची, दुसरी बँकेची. दागिने ग्राहकाचे, नोंद ग्राहकाच्या नावाची, भाडेही तोच भरतो; परंतु दुसरी किल्ली आल्याशिवाय दार उघडत नाही. बँक कायद्याने बांधलेली असल्याने ग्राहक निर्धास्त असतो. फिनालेमध्ये लिहिलेल्या संगीताची फाईल संगीतकाराच्या संगणकात होती, तिच्यातील प्रत्येक स्वर त्याचा होता. मात्र ती उघडणारे साधन कंपनीचे होते आणि त्या वेळी अन्य प्रमुख सॉफ्टवेअरना ती फाईल थेट वाचता येत नसे. शिवाय दुसरी किल्ली केवळ या कंपनीकडेच होती असेही नाही. २०१९ मध्ये ॲपलने आपल्या संगणकांच्या नव्या प्रणालीत जुन्या, ३२-बिट पद्धतीचे कार्यक्रम चालविणे बंद केले, तेव्हा फिनालेच्या जुन्या आवृत्त्या त्या संगणकांवर आपोआपच निकामी झाल्या.

पूर्वी असे नव्हते. व्हेनिसच्या ओत्ताव्हियानो पेत्रुची याने १५०१ मध्ये हलत्या खिळ्यांनी अनेकस्वरी संगीताचे पुस्तक छापले. त्यासाठी तो एकच कागद छापयंत्रातून एकाहून अधिक वेळा काढी. रेघा एका वेळी, स्वर दुसऱ्या वेळी. कागद केसभर सरकला तरी स्वर चुकीच्या रेघेवर बसे. पुढे मऊ मिश्रधातूच्या पत्र्यावर ठसे मारून आणि कोरून संगीत छापण्याची पद्धत रूढ झाली. कारागीर संपूर्ण पान आरशातल्यासारखे उलटे कोरीत असे. एक स्वर चुकला तर पत्रा मागून ठोकून ती जागा वर आणायची, घासून सपाट करायची आणि नवा ठसा मारायचा. श्रम अपार होते. परंतु एकदा छापलेले पान वाचण्यास कोणाची अनुमती लागत नव्हती. पेत्रुचीची जी पुस्तके टिकली, ती आज ५०० वर्षांनंतरही डोळ्यांनी वाचता येतात.

संगणकाने हे श्रम वाचविले आणि त्याबरोबर अडचणींची तीन नवी ठिकाणे निर्माण केली: चिन्हे, कागद आणि फाईलचा प्रकार.

पहिले ठिकाण चिन्हांचे. संगीताची चिन्हे संगणकात एखाद्या अक्षरसंचाप्रमाणे म्हणजे फॉन्टप्रमाणे असतात. १९८० च्या दशकात ॲडोबी कंपनीने ‘सोनाटा’ हा संगीताचा फॉन्ट केला, तेव्हा चिन्हे इंग्रजी कळफलकाच्या कळांवरच बसविण्यात आली. पट्टीच्या आरंभी येणारे वळणदार ट्रेबल क्लेफ हे इंग्रजी ‘अँड’च्या चिन्हावर, बास क्लेफ प्रश्नचिन्हावर. फिनालेच्या पहिल्या फॉन्टलाही हीच मांडणी होती आणि त्याचे नाव व्हेनिसच्या त्या मुद्रकावरून ‘पेत्रुची’ ठेवले होते. त्यामुळे ज्या संगणकात तो फॉन्ट नसे, तेथे फाईल उघडताच संगीताच्या जागी इंग्रजी अक्षरांची रांग दिसे. प्रत्येक पट्टीच्या प्रारंभी ‘अँड’चे चिन्ह दिसले तर संगीत नष्ट झालेले नसून केवळ फॉन्ट हरवला आहे, हे जाणकार ओळखतो. २०१३ मध्ये स्टाइनबर्ग कंपनीने संगीतचिन्हांच्या जागा ठरवून देणारे एक खुले प्रमाण पुढे आणले आणि नव्या फॉन्टमधील हा गोंधळ बराच कमी झाला.

मराठी वाचकाला हा अनुभव अपरिचित नाही. जुन्या मराठी फॉन्टमध्ये जुळविलेली लग्नपत्रिका किंवा स्मरणिका दुसऱ्या संगणकावर उघडली की तीच निरर्थक रोमन अक्षरे समोर येतात, कारण तेथेही देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली होती. हिंदुस्थानी संगीताची भातखंडे स्वरलिपी संगणकावर उतरविताना तर अडचण दुहेरी होते. या लिपीत मंद्र सप्तकाच्या स्वराखाली बिंदू, तार सप्तकाच्या स्वरावर बिंदू, कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ असते. तार सप्तकातील गंधारावरचा बिंदू संगणकात बहुधा अनुस्वार म्हणूनच घालतात. मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये गेला आणि कोमल ऋषभाखालची रेघ गळली, तर पान नीटनेटके दिसते, फक्त राग बदललेला असतो. पदार्थाच्या वजनातील दशांशचिन्ह सरकल्यावर बिल जसे सुबक दिसूनही खोटे ठरते, तसे हे आहे.

यावरचा उपाय सोपा आहे. दुसऱ्याकडे फाईल पाठविताना तिची पीडीएफ प्रत आपल्याच संगणकावर काढावी आणि तीत फॉन्ट अंतर्भूत झाले आहेत की नाहीत, हे त्या प्रतीच्या माहितीच्या खिडकीत पाहून घ्यावे. छापखान्यात मूळ फाईल नेण्यापेक्षा ही प्रत नेणे केव्हाही सुरक्षित.

दुसरे ठिकाण कागदाचे. भारतात आणि युरोपात प्रचलित असलेला ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर उंच असतो. अमेरिकेतील लेटर कागद सुमारे २१६ मिलिमीटर रुंद व २७९ मिलिमीटर उंच. एक रुंदीला अधिक, दुसरा उंचीला. अमेरिकन मापावर तयार केलेले पान ए-४ वर छापताना प्रिंटर ‘पानात बसवा’ ही सूचना स्वतःहून पाळतो आणि सारे काही थोडे आक्रसते. वाद्यवृंदासाठी १० गुणिले १३ इंचांच्या मोठ्या कागदाकरिता केलेले पान ए-४ वर बसविले तर त्याचा आकार सुमारे ८३ टक्के होतो. मूळ पट्टी ७ मिलिमीटर उंच असेल तर ती ५.८ मिलिमीटर उरते. मेजावर बसून वाचणाऱ्यास हा फरक जाणवणार नाही. परंतु व्हायोलिनवादक दोघांत एक स्टँड घेऊन, हातभर अंतरावरून, वेगाने वाचत असतो. वादकाच्या पानावर पट्टीची उंची ७ ते ८ मिलिमीटर असावी, असा संकेत याचसाठी आहे.

छापण्यापूर्वी प्रिंटरच्या खिडकीत ‘प्रत्यक्ष आकार’ किंवा ‘१०० टक्के’ हा पर्याय निवडावा, एकच पान छापावे आणि पट्टी साध्या फूटपट्टीने मोजावी. दोन्ही बाजूंनी छापताना पान लांब कडेवर उलटणार की आखूड, हेही त्याच वेळी पाहावे. अन्यथा मागचे पान उलटे छापले जाते. आणखी एक गोष्ट यंत्र सांगत नाही. वादकाचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून पान जेथे संपते तेथे त्याच्या वाट्याला विश्रांतीच्या मात्रा याव्यात, अशी मांडणी करावी लागते. पडद्यावर काही रेघा जाड व काही बारीक दिसल्या तर घाबरण्याचे कारण नसते. तो बहुधा पडद्याच्या सूक्ष्मतेचा परिणाम असतो. पान मोठे करून पाहावे किंवा छापून खात्री करावी.

तिसरे ठिकाण फाईलच्या प्रकाराचे, आणि खरी जोखीम तेथेच आहे. एका सॉफ्टवेअरमधील संगीत दुसऱ्यात नेता यावे म्हणून मायकेल गुड या अमेरिकन तंत्रज्ञाने ‘म्युझिकएक्सएमएल’ हा विनिमयाचा खुला प्रकार तयार केला. त्याची पहिली आवृत्ती २००४ मध्ये आली. ‘म्युझस्कोर’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर, त्याचप्रमाणे ‘सिबेलियस’ आणि ‘डोरिको’ हेही तो वाचतात. फिनालेमध्ये तर संपूर्ण फोल्डरमधील फाईली एकदम या प्रकारात बदलण्याची सोय होती. ग्राहकांच्या सुदैवाने दार होते. परंतु ते दार घराच्या आतून उघडणारे होते. फिनाले चालू असेपर्यंतच त्यातून बाहेर पडता येत होते. ज्यांनी वेळीच अशा प्रती काढून ठेवल्या होत्या, त्यांना घोषणेने दुःख झाले; ज्यांनी काढल्या नव्हत्या, त्यांना भीती वाटली.

या विनिमयातून स्वर, काल आणि गीताचे शब्द बहुतांशी सुखरूप जातात. पानाची मांडणी, कमानींची वळणे, विशेष चिन्हे यांची मात्र पडझड होते. म्हणून स्थलांतरानंतर ताळा घेणे आवश्यक ठरते. मापे म्हणजे तालाचे खंड जुन्या आणि नव्या फाईलीत तितकेच आहेत का, पुनरावृत्तीच्या खुणा जागेवर आहेत का, शेवटचा स्वर तोच आहे का, हे प्रथम पाहावे. परंतु तेवढ्यावर समाधान मानू नये. तेरीज जुळली म्हणजे खतावणी निर्दोष असते असे नाही. चुकीच्या खात्यावर टाकलेली रक्कम तेरजेत कधीच सापडत नाही. तसेच गीताचे शब्द एका स्वराने पुढे सरकले तरी मापांची संख्या जुळतेच. त्यासाठी जुनी छापील प्रत शेजारी ठेवून ओळीने वाचणे आणि एकदा ऐकणे, याला पर्याय नाही.

येथे संगीताशी संबंध नसलेल्या घरांनाही विचार करण्याजोगे काही आहे. आज दुकानाची खतावणी, मालाचा साठा, उधारीच्या याद्या कोणत्या ना कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये असतात. कंपन्यांना तर हिशेबाची पुस्तके किमान ८ आर्थिक वर्षे जतन करण्याचे कायद्याचे बंधन आहे. सॉफ्टवेअर विकणारा तितकी वर्षे बाजारात राहील, याची हमी कोणी दिलेली नसते. वार्षिक भाडे थकले किंवा विक्रेत्याने गाशा गुंडाळला, तर आपल्याच नोंदी आपल्याला कशा वाचता येतील, हा प्रश्न खरेदीच्या दिवशी विचारावा. इतर सॉफ्टवेअर वाचू शकेल अशा खुल्या प्रकारात नोंदी बाहेर काढता येतात का, हे किमतीइतकेच महत्त्वाचे मानावे.

ज्यांच्या घरी कोणी संगीत शिकते किंवा शिकविते, गुरूंनी दिलेल्या बंदिशी, भजनांच्या चाली संगणकात उतरवून ठेवते, त्यांनी प्रत्येक रचना पूर्ण होताच चार गोष्टी कराव्यात. मूळ फाईल ठेवावी. फॉन्ट अंतर्भूत असलेली पीडीएफ काढावी. पाच रेघांचे संगीत असल्यास म्युझिकएक्सएमएल प्रत काढावी आणि या साऱ्याची एक प्रत त्या संगणकाच्या बाहेर ठेवावी. शेवटी, चांगल्या कागदावर एक छापील प्रत काढून तिच्यावर दिनांक घालावा. पंडित भातखंडे यांनी गावोगाव फिरून, घराण्यांच्या उस्तादांकडून मिळवून लिहून ठेवलेल्या शेकडो बंदिशी ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापील रूपाने आहेत. त्या उघडण्यास विद्यार्थ्याला एकच किल्ली लागते, ती म्हणजे स्वरलिपी वाचण्याचे शिक्षण. आणि ती कोणतीही कंपनी बंद पडली तरी त्याच्याजवळच राहते.