‘राहून-खाऊन’ किती?

आमच्या घराण्यात एक सल्ला पिढ्यान् पिढ्या फुकट वाटला जातो. "पहिली नोकरी आहे, तोंड उघडू नकोस. आधी काम शिक, पैसा काय मागून येईलच." देणारे बहुतेक सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. म्हणजे दर दहा वर्षांनी वेतन आयोग, शिवाय वर्षातून दोनदा महागाई भत्ता. यांना तोंड उघडावं लागलं नाही, कारण यांच्या वतीने उघडायला युनियन होती! (काका-मामा मंडळींनी राग मानू नये. मानला तरी लिहिणार आहेच.)

सध्या हा सल्ला नात्यातल्या एका पोराच्या वाट्याला आलाय. पुण्यातल्या एका हॉटेलात तो हेल्पर म्हणून लागला, त्याला दीड वर्ष झालं. तेव्हा फडकं मारायचा आणि पाण्याचे ग्लास ठेवायचा. आता सहा टेबलं एकटा बघतो, ऑर्डर घेतो, पार्सलं बांधतो, नवीन पोरांना शिकवतो. पगार तोच, "राहून-खाऊन" ठरलेला. राहून म्हणजे माळ्यावर सात जणांत एक पंखा, आणि खाऊन म्हणजे रात्री साडेबाराला उरलेला रस्सा. मध्ये धीर करून त्याने पगाराचा विषय काढला, तर शेठ म्हणाले, "टिप मिळते ना?"

आता या टिपेचंच बघू. टिप गिऱ्हाईक देतं. शेठच्या गल्ल्यातून एक रुपया जात नाही, आणि हिशेबात मात्र ती शेठने दिलेल्या पगारासारखी धरायची! अमेरिकेतले आमचे भाऊबंद तिकडच्या वीस टक्के टिपेचं फार कौतुक सांगतात. त्यांना एक विचारा: टिप घेणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायचं तिथलं केंद्रीय किमान वेतन किती? तासाला २ डॉलर १३ सेंट, आणि ते १९९१ पासून हललेलं नाही. टिप धरून तासाचे सव्वासात डॉलर भरले नाहीत तर उरलेली रक्कम मालकाने भरायची, असा नियम आहे. काही राज्यांनी स्वतःचे दर वाढवलेत, पण केंद्राचा आकडा तिथेच. टिपेवर विसंबलं की पगाराचं असं होतं.

आपल्याकडे कायदा निदान कागदावर बरा आहे. किमान वेतन कायदा १९४८ चा. आता त्याच्या जागी वेतन संहिता आली, मंजूर २०१९ मध्ये आणि लागू २१ नोव्हेंबर २०२५ पासून. तिच्यात दोन गोष्टी फार कामाच्या आहेत. पहिली, कामगाराने राजीखुशीने कमी पैशांवर सही केली तरी तो करार रद्दबातल. दुसरी, नोकरी सोडली तर देणं असलेला पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा. "सोडून गेलास तर महिना बुडाला समज" या धमकीला एवढं उत्तर पुरेसं आहे. (पोरांच्या डोक्यावर घरच्या लग्नासाठी घेतलेली उचल असते, म्हणून ते उत्तर देत नाहीत, ही गोष्ट वेगळी.)

तेव्हा किमान वेतनापर्यंत पगार आणून मागणं ही पगारवाढच नव्हे. ती थकबाकी झाली. वाढीची मागणी त्याच्या पुढे सुरू होते, आणि तिथे पोराने आपलं काम मोजून दाखवावं: तेव्हा काय करत होतो, आज काय करतो. शनिवारी रात्री गर्दीत नाही, मंगळवारी दुपारी चारला, शेठ चहा पीत असताना. आणि शक्य असेल तर तिघाचौघांनी मिळून. एकट्याला "उद्यापासून येऊ नकोस" म्हणणं सोपं असतं.

"परवडत नाही हो," हे ठरलेलं रडगाणं. कुठल्याही हॉटेलचं मेनूकार्ड नीट बघा. किमतीवर स्टिकर, त्या स्टिकरवर आणखी एक स्टिकर. सिलिंडर महागला, स्टिकर. पनीर महागलं, स्टिकर. पनीरला कोणी म्हणत नाही की बाबा, आधी अनुभव घे! साधा हिशेब करू. दहा पोरांना महिना दीड-दीड हजार वाढवले तर दिवसाला पाचशे रुपये झाले. रोज दोनशे माणसं जेवून जात असतील तर माणशी अडीच रुपये. बडीशेपेच्या वाटीत आपण याहून जास्त हात मारतो.

आणि आपण गिऱ्हाईकं तरी काय कमी आहोत? थाळी वीस रुपयांनी वाढली की निमूट देतो, आणि पाणी आणायला दोन मिनिटं उशीर झाला की त्या पोराला "ए" म्हणून हाक मारतो.

पोरगं येत्या मंगळवारी पुन्हा विचारणार आहे, या वेळी दोघांना बरोबर घेऊन. त्याच्या आईला फोन करून "समजाव त्याला" म्हणणाऱ्यांनी कृपया आधी मला फोन करावा.