खाडीचे दफ्तर आणि तरुण उमेदवार

मानकोली-मोठागाव पुलाच्या भिवंडीकडील टोकाला ओहोटीच्या वेळी उभे राहिले, म्हणजे उल्हास खाडीचा करडा गाळ, त्यावर उड्या घेणाऱ्या निवट्या आणि काठची तिवरे एकाच दृष्टिक्षेपात येतात. एवढ्याशा टापूचा कारभार मात्र अनेक दफ्तरांत वाटलेला आहे: तिवरे वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे, रेती महसुलाकडे, मासळी मत्स्यव्यवसाय खात्याकडे, खारबांध १९७९ च्या कायद्यान्वये खारभूमी यंत्रणेकडे, धक्के सागरी मंडळाकडे आणि काठावरील बांधकामाचा निवाडा पर्यावरण खात्याकडे.

खारबांधाची उघाडी नादुरुस्त होऊन भरतीचे पाणी शेतात शिरले आणि दुरुस्तीची तजवीज वेळीच झाली नाही, तर त्या जमिनीत काही वर्षांत तिवरे रुजतात. एकदा ती रुजली की उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाप्रमाणे त्यांची तोड निषिद्ध, आणि मग सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार जमिनीचा धनी राहूनही तीत भाताचा दाणा पिकवू शकत नाही. तिवरांचे रक्षण अत्यावश्यकच आहे. दोष आहे तो बांध, जमीन आणि जंगल यांचा एकत्र विचार करणारा माणूस कचेऱ्यांत सहसा आढळत नसल्याचा.

अमेरिकेने असा माणूस घडविण्याची व्यवस्था १९७९ पासून चालविली आहे. आज जॉन क्नाउस या समुद्रशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या अधिछात्रवृत्तीखाली समुद्र, किनारा व मोठी सरोवरे यांच्या अभ्यासात रस घेणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना वर्षभर सवेतन वॉशिंग्टनला आणून काँग्रेसच्या अथवा सरकारी खात्यांच्या कचेऱ्यांत कामाला लावतात.

आपल्याला ही दृष्टी परकी नाही. १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर याच खाडीच्या आश्रयाने आरमाराची उभारणी सुरू झाली. आणि पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमाराचा विचार करताना जहाजांच्या लाकडासाठी रयतेच्या आंबा-फणसांना तिच्या राजीखुशीवाचून हात लावू नये, असे बजावले. जहाज, जंगल आणि रयत या तिन्हींचा विचार ज्या एका लेखणीने केला, तिच्या तोडीचे सागरी धोरण आजही दुर्मीळ आहे.

विद्येची वानवा नाही: वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ पासून आणि दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून कार्यरत आहे. तरुणांना राज्याच्या प्रशासनात सामावून घेण्याचा पायंडाही २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री फेलोशिपने पाडला आहे. तीतच सागरी धोरणासाठी स्वतंत्र जागा राखाव्यात, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. निवड झालेल्याने आरंभीचे काही महिने खाडीकाठच्या गावी, बांधावर आणि मासळीबाजारात काढावेत व उरलेले मंत्रालयात. विद्यावेतन इतके असावे की आगरी-कोळ्यांच्या घरातील पदवीधर मुलीला निरुपायाने गोदामातील हिशेबनिसाची नोकरी पत्करावी लागू नये. आणि वर्षअखेर तिने सादर केलेला अहवाल वरील सर्व खात्यांच्या सचिवांनी एकाच बैठकीत ऐकून त्यावर आपापला शेरा लेखी नोंदविणे बंधनकारक असावे.