बीज आणि माती

कर्करोग म्हटला, की बेबंद वाढणारी पेशी डोळ्यांसमोर येते. औषधांचा मारा आजवर प्रामुख्याने याच पेशीवर राहिला. मात्र, बहुतेक रुग्णांचा बळी मूळ गाठ घेत नाही. तेथून निघून यकृत, फुप्फुस, हाडे वा मेंदूत ठाण मांडणाऱ्या पेशी घेतात. या पेशी मुळात जागा का सोडतात, याचे उत्तर केवळ त्यांच्यात नाही, तर त्यांच्या भोवतालातही आहे.

ही शंका जुनीच. ब्रिटिश शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी स्तनांच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या आणि १८८९ मध्ये निष्कर्ष मांडला, की बीज सर्वत्र उधळले जाते; पण रुजते अनुकूल मातीतच. या 'माती'चा मोठा भाग म्हणजे पेशींबाहेरील प्रथिनांचे जाळे. कोलॅजेन, लॅमिनिन, फायब्रोनेक्टिन ही त्यातील प्रमुख नावे. पेशी आपल्या पृष्ठभागावरील इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी हे जाळे धरून ठेवते आणि त्यातूनच तिला आकाराचे, वाढीचे व थांबण्याचे संकेत मिळतात.

निरोगी अवयवात लॅमिनिन आणि कोलॅजेनचे पातळ पटल पेशींना मर्यादेत ठेवते. गाठ वाढू लागली, की विकरे हे कुंपण तोडतात. दुसरीकडे, लायसिल ऑक्सिडेज हे विकर कोलॅजेनचे तंतू एकमेकांना जखडते आणि ऊती ताठर होते. स्तनातील गाठ हाताला कठीण लागते, त्यामागे हेही एक कारण असते. ताठरपणामुळे पेशींच्या आक्रमक वृत्तीला बळ मिळते आणि गाठीपासून बाहेर जाणारे सरळ तंतू त्यांच्यासाठी जणू रूळ ठरतात.

अमेरिकेतील संशोधक मीना बिसेल यांच्या गटाने १९९७ मध्ये याची उलट बाजू दाखवली. स्तनाच्या कर्कपेशींवरील एका इंटिग्रिनचे काम प्रतिपिंडाने रोखताच प्रयोगशाळेतील त्या पेशी पुन्हा निरोगी पेशींसारखी रचना करू लागल्या. त्यांचे जनुकीय दोष कायम होते. वागणूक मात्र बदलली.

साहजिकच औषध कंपन्यांच्या आशा पल्लवित झाल्या. प्रत्यक्षात पदरी निराशा आली. जाळे तोडणाऱ्या विकरांना रोखणारे मारिमास्टॅट व त्या वर्गातील इतर औषधे चाचण्यांत अपयशी ठरली. मारिमास्टॅट घेणाऱ्या रुग्णांना सांधेदुखीही जडली. ही विकरे निरोगी शरीराच्याही कामाची असतात आणि त्यांपैकी काही तर गाठीला आवर घालतात, हे नंतर उमगले. स्वादुपिंडाच्या कर्करोगात गाठीभोवतीचे जाळे निर्माण करणाऱ्या पेशीच काढून टाकल्या, तर आजार अधिक आक्रमक होतो, असे २०१४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले. याच कर्करोगात जाळ्यातील हायलुरोनन विरघळवणारे औषध २०१९ मध्ये मोठ्या चाचणीत रुग्णांचे आयुष्य वाढवू शकले नाही. थोडक्यात, माती शत्रू नाही. ती कुंपणही आहे आणि वाटही. सरसकट उखडली, तर कुंपणही जाते.

महाराष्ट्राला या संशोधनाशी देणेघेणे नाही, असे कुणी समजू नये. सुपारी आणि गुटख्याच्या सेवनाने गालाच्या आतील त्वचेखाली कोलॅजेन साचत जाते, तोंड उघडेनासे होते आणि काही रुग्णांत पुढे कर्करोग होतो. सुपारीतील घटक कोलॅजेनची निर्मिती वाढवतात, तर तिच्यातील तांबे ते जखडणाऱ्या विकराला बळ देते, असे संशोधन सांगते. म्हणजे बीज पडण्याआधी माणूस स्वतःच माती तयार करून ठेवतो! आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविरहित सुपारीही कर्करोगकारक असल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध केले. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. चोरटी विक्री थांबली नाही आणि साधी सुपारी तर आजही निरुपद्रवी मुखवास मानली जाते.

व्यसन सोडल्यानंतरही हा ताठरपणा सहसा पूर्णपणे ओसरत नाही. बिघडलेली माती सुधारणारे खात्रीचे औषध अद्याप हाती नाही. अशा वेळी ती बिघडू न देणे, हाच शहाणपणाचा मार्ग उरतो. त्यासाठी प्रयोगशाळेची वाट पाहण्याचे कारण नाही. बंदीची कठोर अंमलबजावणी आणि तोंडाची वेळेवर तपासणी आजही शक्य आहे.