चाक रुतलं तेव्हा

गेल्या डिसेंबरात माझ्या भाचीचा निकाह झाला. वलीम्यानंतर तिसऱ्याच दिवशी ती आणि तिचा नवरा भाड्याची कॅम्पर व्हॅन घेऊन कोल्हापुरातून तारकर्लीला निघाले. "नवी नवरी गाडीत झोपणार? लोक काय म्हणतील?" म्हणून आपा माझ्यावरच चिडली, कारण भाचीने आधी मला विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं.

बावीस वर्षांपूर्वी आम्हीही लग्नानंतर मालवणला गेलो होतो. एसटीने. सोबत सासूबाई, दोन नणंदा आणि डब्यांची पिशवी. सिंधुदुर्ग किल्ला पाहिला, भर समुद्रातल्या त्या किल्ल्यातल्या दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी पाहिल्या. पण ह्यांच्याशी चार वाक्यं बोलल्याचं आठवत नाही. कुणी वाईट नव्हतं, रीतच तशी होती. एकमेकांचा स्वभाव कळायला पुढे कित्येक वर्षं गेली. म्हणून मी हो म्हटलं.

ज्यांनी अशी गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. मोठ्या व्हॅनमध्येच पलंग, छोटी शेगडी, पाण्याची टाकी आणि संडास. आपल्या राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं आहे. फोंडा घाट उतरून कणकवली, कसाल करत दोघं मालवणला पोहोचले. बाजारातून बांगडे घेऊन गाडीतच रांधले, त्यामुळे हलालची चिंता नाही. नमाजही वाटेत सावली बघून, कस्रच्या सवलतीने.

तारकर्लीला सुरूचं बन आणि पांढरी वाळू. जावयाला गाडी थेट वाळूवर नेऊन फोटो काढायचा होता. भाची म्हणाली, "नको, गाडी जड आहे." तो म्हणाला, "तुला गाडीतलं काय कळतं?"

थोडं पुढे जाताच मागचं चाक रुतलं. भरती चढत होती, गाडी दुसऱ्याची, अनामत रक्कम अडकलेली. जवळचे मच्छीमार भाऊ धावून आले. टायरची हवा कमी केली, टाकीतलं पाणी सोडून गाडी हलकी केली, चाकाखाली फळ्या घातल्या, दोर लावून ओढली. दोन तास लागले. त्यांनी पैसे घेतले नाहीत, फक्त चहा घेतला.

रात्री गाडीत अबोला. भाची मला म्हणाली, "खाला, घरी असते तर दुसऱ्या खोलीत गेले असते. तिथे दुसरी खोलीच नव्हती." शेवटी तोच बोलला, "तू सांगितलंस, मी ऐकलं नाही. चूक माझी." त्या एका वाक्याने तिला धीर आला आणि महिनाभर मनात ठेवलेली गोष्ट तिने सांगितली. लग्नाच्या बोलणीत मोठ्यांनी परस्पर ठरवलं होतं की ती नोकरी सोडेल. तिला सोडायची नव्हती. त्याला वाटत होतं, ती राजी आहे. तिला वाटत होतं, ही त्याची अट आहे. दोघांना कुणी समोरासमोर विचारलंच नव्हतं!

परत आल्यावर दोघांनी मिळून तिच्या सासूबाईंना सांगितलं. त्या आठवडाभर नीट बोलल्या नाहीत. आजही पूर्ण राजी नाहीत. पण राजीनामा दिलेला नाही.

सफरात रसूलुल्लाह (स.) यांनी साथीदारांना पुढे जायला सांगितलं आणि हजरत आयशा (र.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली, ही रिवायत आपण कौतुकाने सांगतो. मग आपल्याच मुलाला-सुनेला चार दिवस एकट्याने फिरायचं असलं की आपल्याला ते नव्या जमान्याचं खूळ का वाटतं?

बहिणींनो, त्यासाठी कॅम्पर व्हॅनच हवी असं नाही. एसटीही चालेल, फक्त सोबत आपण नको. व्हॅन घेणारच असाल तर पावसाळा टाळा, रात्री ती कुठे उभी करायची आणि टाकी कुठे रिकामी करायची हे आधी विचारून ठेवा, आणि वाळूवर नेऊ नका. घरच्यांनी दर तासाला फोन करू नये.

आपाचा राग आता उतरला आहे. परवा हळूच विचारत होती, "दुलाभाईंना घेऊन आम्ही गेलो तर त्या पलंगावर पाठ दुखेल का गं?"