कुर्लीचे घर

शहरातल्या मुलांना समुद्र दोनच ठिकाणी भेटतो: चौपाटीवर आणि ताटात. या दोहोंच्या मध्ये काय घडते याची त्यांना कल्पना नसते. आणि खरे सांगायचे तर ती त्यांच्या आईबापांनाही फारशी नसते. कोळंबी आता सोललेली, गोठवलेली, पाकिटातून घरात येते. तिला मिशा असतात हे मुलांनी कुठे पाहावे?

म्हणून दिवाळीच्या सुटीत बालबच्च्यांसह कोकणात उतरणाऱ्या मंडळींना माझी एक सूचना आहे. देवळे पाहा, किल्ले पाहा. पण एक सकाळ खाडीकाठच्या खेकड्यांच्या शेतासाठी राखून ठेवा. राज्याच्या वनखात्यात २०१२ साली कांदळवन कक्ष निघाला, २०१५ साली कांदळवन प्रतिष्ठान उभे राहिले. आणि त्यांच्या आधाराने सिंधुदुर्गातल्या कित्येक बचतगटांनी खेकडे, कालवे, शिणाणे पाळायला घेतली. आधी कळवले, तर यांतले काहीजण शेत हौसेने दाखवतात.

जाण्यापूर्वी पंचांग उघडावे. हसू नका! तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे भरती साधारण सहाला आणि ओहोटी बाराच्या सुमारास. होडीतून कालवांचे तराफे पाहायचे तर पाणी हवे. चिखलातले जीव पाहायचे तर ओहोटी हवी. हे गणित मुलांनाच घालावे, आणि उत्तर शेतावरच्या माणसांकडून ताडून घ्यावे. पायांत बंद बूट असावेत, कारण कालवाची कड पात्यासारखी कापते. तळ्याच्या बांधावर लहानांचा हात सोडू नये.

तिथे पोहोचल्यावर मात्र मास्तरकी करू नये. मी स्वतः मास्तर असून हे सांगतो आहे! नांग्या बांधलेला खेकडा उलटा करून शेतावरची बाई दाखवील: पोटावरची झडप निमुळती तर नर, रुंद आणि गोल तर मादी. मग ती कात टाकण्याची गोष्ट सांगेल. जुने कवच टाकल्याखेरीज खेकडा वाढत नाही, आणि नवे कडक होईपर्यंत तो इतका मऊ असतो, की त्याचे भाऊबंदच त्याला खातात. म्हणून काही ठिकाणी एकेका खेकड्याला स्वतंत्र डबा असतो. भाऊबंदकीवरचा हा उपाय आपल्याकडच्या कितीतरी वाड्यांनाही लागू पडला असता!

गेल्या हिवाळ्यात अशाच एका शेतावर आमच्या सात वर्षांच्या पुतणीने विचारले, “मावशी, तुम्ही यांना एवढं सांभाळता, आणि मग लोक यांना खातात?”

तिच्या आईने डोळे वटारले. मावशी मात्र शांतपणे म्हणाल्या, “खातत तर! आमीव खातंव. पण भरल्याशिवाय कुर्ली काढूची नाय, आणि उगाच तिका छळूची नाय. तिच्यार आमचा घर चलता.”

एवढ्या सरळ उत्तराची आम्हां शहरवासीयांना सवय नाही. आपण मुलांना ‘तसं नसतं गं’ म्हणून गप्प करतो, नाहीतर आइसक्रीम देतो. त्या रात्री पुतणीने खेकड्याला हात लावला नाही, सोलकढी-भात खाल्ला. कुणी आग्रह केला नाही, हे बरे झाले. महिन्या-दीड महिन्याने ती पुन्हा मासे खाऊ लागली. पण हल्ली ताटात तुकडा टाकून उठत नाही.

शाकाहारी घरांनीही अशा शेतावर जावे. मुलाने काय खावे, हे पुढे त्याचे तोच ठरवील. ठरवताना त्याला त्या जिवाची आणि तो पोसणाऱ्या हातांची ओळख असावी, एवढी तजवीज आपण करायची. बाकीचे मोठ्यांनी त्याच्यावर सोपवावे.